सव्वा तासाचं अंतर

१

कुपीत औषध नव्हतं, पाणी होतं.

सिस्टरला हे कळेपर्यंत वरच्या विमानतळाच्या प्रमुखाच्या बायकोला चार इंजेक्शनं देऊन झाली होती आणि तिचं ओरडणं थांबत नव्हतं. तिच्या पोटात गाठ होती. ती बरी होणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, तिला स्वतःलाही. मरताना दुखू नये, एवढ्यासाठीच ती पेटी दक्षिणेहून मागवली होती. पेटीच्या वरच्या रांगेत औषध निघालं आणि खालच्या सगळ्या रांगांत पाणी. वरची रांग संपल्यावर बाई तळमळत तळमळत गेली. तिथली घरं लाकडाची आणि एकमेकांना खेटून बांधलेली, त्यामुळे तिचं मरण अख्ख्या वस्तीने ऐकलं.

आमच्या आरोग्य खात्याने मला पाठवलं. "चौकशी करा, पण बोभाटा नको," असं साहेब हीटरशेजारी बसून म्हणाले. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं!

तशी चौकशी उरलीच नव्हती. वस्तीने निकाल लावून ठेवला होता. सिस्टर बाहेरची, सिस्टर फटकळ, कुणाच्या घरी जात नाही, आणि औषधाच्या कपाटाची किल्ली तिच्याच गळ्यात. म्हणजे चोर तीच. पुढच्या विमानाने तिला खाली न्यायचं, तिथे पोलीस उभेच होते. मी फक्त सही करायची, असा सगळ्यांचा समज होता. कुणी नुसती सही मागितली की माझा हात आखडतो. या खोडीपायी माझ्या दोन बढत्या हुकल्या आहेत.

खालचं विमानतळ ते वरचं विमानतळ, मध्ये रस्ता नाही. जंगल, बर्फ आणि गोठलेली तळी, बस्स. ये-जा करणारं विमान एक आणि वैमानिक एक. त्याला सगळे कप्तान म्हणत. हसरा, गुबगुबीत माणूस. विमानाला चाकांच्या जागी बर्फावर उतरायच्या घसरपट्ट्या होत्या आणि आत माझ्या गुडघ्यांना पुरेल एवढी जागा नव्हती. उत्तरेचा वारा समोरून असा काही थडकत होता की मी दोनदा देवाचं नाव घेतलं.

"इथे वारा कायम असाच," कप्तान ओरडून म्हणाला. "वर जाताना नाकावर, येताना पाठीवर."

"अंतर किती आहे हो?" मी विचारलं. खात्याला प्रवासभत्त्यासाठी किलोमीटर लागतात.

"सव्वा तास."

"किलोमीटर?"

"ते कुणाला माहीत? जाताना सव्वा तास, येताना पाऊण तास."

अर्ध्या वाटेत एका गोठलेल्या तळ्याच्या काठावर एक खोपटं दिसलं. त्याच्या धुराड्यातला धूर बर्फालगत आडवा पळत होता.

"बंद पडलेल्या खाणीचे राखणदार," कप्तान म्हणाला. "हिवाळाभर दोघंच. वेडे झालेत बिचारे."

उतरलो तर माणसं विमानाभोवती उभी होती. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. त्यांनी पोती, खोकी, पिंपं उतरवली. सीटखाली हात घातले, मागच्या जाळीत डोकावले, माझ्या पायाखालची चटईसुद्धा उचलून बघितली. माझी बॅग मात्र कुणी उचलेना. मी स्वतः ओढायला लागले, तेव्हा दुकानवाली बाई पुढे आली.

"चोरटीला न्यायलाच आलात ना? मग सामान कशाला उतरवता?"

२

वरच्या विमानतळाचा प्रमुख म्हणजे त्या विमानतळाचा एकुलता एक नोकर. रेडिओवर तोच, धावपट्टीवरचा बर्फ ढकलणारा तोच. खालचं विमानतळ त्याचा सख्खा धाकटा भाऊ सांभाळतो, हे मला येतानाच कळलं होतं. दोघं रेडिओवर रोज बोलतात आणि एकमेकांशी वर्षानुवर्षं बोललेले नाहीत. 'वरच्या'ने विचारायचं, 'खालच्या'ने उत्तर द्यायचं: हवा, वेळ, वजन, संपलं. भांडण कशावरून झालं ते दोघांनाही धड सांगता येत नाही, असं कप्तान हसत हसत म्हणाला होता.

प्रमुखाच्या खोलीत खिडकीला लागून पलंग होता. गादी गुंडाळून ठेवलेली. मी बसायला जागा शोधत होते, तर तो म्हणाला, "तिथे नाही."

मी उभी राहिले.

"पेटी आली त्या दिवशीचं सांगा."

"सांगण्यासारखं काय आहे? धाकट्याने पेटी स्वतः बांधली, विमानात ठेवली, दार लावलं. कप्तान आधीच आपल्या जागेवर बसलेला. सुटल्याची वेळ धाकट्याने सांगितली, पोचल्याची मी टिपली. सव्वा तास. वेळेवर. इथे उतरल्याबरोबर लोकांनी विमान झाडून रिकामं केलं, तुम्ही बघितलंतच. पेटी माझ्या हातांनी सिस्टरच्या हातात दिली. त्यानंतर ती कपाटात, आणि किल्ली तिच्या गळ्यात."

"धाकट्या भावानेच आधी बदल केला असेल तर?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर चालता झाला असता.

"बाई, त्याचं माझं पटत नाही. तो माझी चूक शोधायला टपलेला असतो आणि मी त्याची. पण पेटी कुणासाठी आहे हे त्याला माहीत होतं. त्याचं लग्न व्हायच्या आधी दहा वर्षं तो हिच्या हातचं जेवलाय."

मी खिडकीतून बाहेर बघत होते. पलंगावरून वस्तीतली सगळी धुराडी दिसत.

"त्या दिवशी सकाळी तिने मला उठवून बसवायला लावलं," तो म्हणाला, माझ्याशी नाही, गादीशी. "धूर बघायचा म्हणाली. काठीसारखा उभा होता. ‘आज विमान लवकर येईल बघ,’ म्हणाली. मी म्हटलं, येईल हो. आलं आपलं नेहमीच्या वेळेला. तेवढा वेळ तिने कसा काढला, मलाच माहीत."

मी आणखी काही विचारणार होते. त्याने दार उघडून धरलं.

"परवा विमान आहे. त्या बाईला घेऊन जा. नाहीतर माझ्या हातून काहीतरी होईल."

३

वस्तीत मला खोली कुणी दिली नाही. मी दवाखान्यात, सिस्टरच्या शेजारच्या खाटेवर पथारी टाकली. आगीतून फुफाट्यात. सिस्टरही माझ्याशी बोलेना. तिने स्वतःपुरता चहा केला आणि पीत बसली.

"मलाही चालेल," मी म्हटलं.

"कप तिकडे आहे."

अशा माणसांशी माझं जमतं. मी कप घेतला, तिच्यासमोर बसले आणि सरळच विचारलं, "औषध विकलंत का?"

"विकून कुठे जाऊ? इथून बाहेर पडायला विमान एक आणि सगळी वस्ती बघायला हजर. आणि लपवलं असतं तर? या लोकांनी माझी फरशी उचकटून बघितलीय." तिचा आवाज चढला. "मीच सांगितलं ना, कुपीत पाणी आहे म्हणून! चोर कधी स्वतः बोंब मारतो का? मी गप्प बसले असते तर बाई गाठीने गेली असं म्हणाले असते. पण ती माझा हात धरून ओरडत होती हो. मी कशी गप्प बसणार?"

तिने तोंड फिरवलं. मला तिचा राग आला नाही, वस्तीचा आला. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला माणसं किती पटकन एक होतात!

"रिकाम्या कुप्यांचं काय होतं?"

"परत पाठवायचा नियम आहे. कप्तान नेतो, खाली पोचवतो."

"सगळ्या पोचतात?"

"ते खाली विचारा."

कोपऱ्यात धुतलेल्या चादरींची घडी होती. एक चादर मधोमध चिरली होती.

"ही कशी फाटली?"

सिस्टरला प्रश्न मूर्खपणाचा वाटला असावा. "पेटी आली त्या दिवशीच बाहेर दोरीवर टाकली होती. एरवी वाऱ्याने चादर दोरीला गुंडाळून, वेडीवाकडी होऊन गोठते, सोडवताना हात मोडतात. त्या दिवशी दारासारखी सपाट, सरळ गोठली. मी खूश झाले, पत्र्यासारखी उचलून आत आणली आणि दाराच्या चौकटीला आपटून चिरली. आता हाही गुन्हा आहे का माझा?"

मी हसले. तेवढ्यात खिडकीची काच फुटली आणि बर्फाचा गोळा माझ्या कपाशेजारी येऊन पडला. बाहेर कुणीतरी पळालं. सिस्टर उठली, खिडकीत पुठ्ठा लावला, वर उशी दाबली.

"रोजचं आहे," ती म्हणाली. "आज तुमच्यामुळे मोठा होता."

४

दुसऱ्या दिवशी प्रमुख धावपट्टीवर बर्फ ढकलायला गेला, तशी मी त्याच्या रेडिओपाशी जाऊन बसले.

"खालचे, ऐकताय का? मी तपासनीस बोलतेय."

"बोला." आवाज हुबेहूब थोरल्याचा, फक्त त्यातला राग थोडा तरुण.

"रिकाम्या कुप्या सगळ्या परत येतात का?"

"कमी येतात. कप्तान म्हणतो, वाटेत फुटतात."

"पेटी आली त्या दिवशी कप्तानशी काही बोलणं झालं?"

"झालं की. परत यायला तास लावला त्याने. पाऊण तासात येतो एरवी. इथे दोन पोरं थंडीत उभी करून ठेवली होती सामान उतरवायला, ती काकडली. मी झापला त्याला. तर मलाच म्हणतो, आज वाराच नव्हता, पाठीवर कोण ढकलणार होतं?"

"आणि वर जाताना?"

"जाताना बरोबर सव्वा तास. वेळेवर." मग त्याने हळूच विचारलं. "बाई, एक विचारू? वहिनी शेवटी काही म्हणाली का? माझ्याबद्दल नव्हे. असंच."

"धूर बघत होती," मी म्हटलं. "विमान लवकर येईल म्हणाली."

रेडिओ बंद केला आणि मी तिथेच बसून राहिले. बाहेर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी खांबावर आडवी ताठ झाली होती. मी त्या पिशवीकडे बघत राहिले आणि हळूहळू मला स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटायला लागली. आदल्या दिवसापासून तीन माणसांनी मला एकच गोष्ट सांगितली होती, आणि चोराने ती आधीच स्वतःच्या तोंडाने सांगून टाकली होती.

पण दुसऱ्या दिवशी मला खाली नेणारा तोच होता. त्या ठिकाणाहून बाहेर पडायचा दुसरा रस्ता नव्हता.

५

कप्तान वेळेवर आला. लोकांनी विमान रिकामं केलं. सिस्टर तिची कपड्यांची एक पेटी घेऊन उभी होती आणि तिच्याभोवती लोकांनी मोकळं वर्तुळ सोडलं होतं.

"निघायचं ना?" कप्तानने हात चोळले.

"आधी आत या. प्रमुखांच्या खोलीत. ज्यांना यायचं असेल त्यांनी या."

सगळेच आले. खोलीत मावेनात तसे दारात उभे राहिले. प्रमुख रेडिओपाशी, सिस्टर भिंतीला टेकून. पलंगाजवळ मात्र कुणीही गेलं नाही.

"कप्तान, पेटी आणलीत त्या दिवशी वाटेत कुठे उतरला होतात?"

तो हसला. "कुठे उतरणार? सव्वा तासात आलो. विचारा यांना."

"वेळेवर आलात, हेच तर चुकलं," मी म्हटलं. "इथून खालचं विमानतळ किती लांब, असं विचारलं की तुम्ही सगळे म्हणता सव्वा तास. ते अंतर नाही, ते अंतर अधिक वारा आहे. समोरून वारा म्हणून वर यायला सव्वा तास, पाठीवर तोच वारा म्हणून खाली जायला पाऊण. वारा नसेल तर? दोन्ही वाटा सारख्या. साधारण तास, जाताना तास, येतानाही तासच."

प्रमुखाने मान वर केली.

"त्या दिवशी वारा नव्हता. सिस्टरची चादर दोरीवर सपाट गोठली. धुराड्यांतला धूर उभा होता. म्हणजे विमान तासाभरात यायला हवं होतं. ते सव्वा तासाने आलं. इथे सव्वा तासाची इतकी सवय, की उशिरा आलेलं विमान सगळ्यांना वेळेवर वाटलं. मधला पाव तास गेला कुठे?"

"बाई, तुम्हाला विमानातलं काय कळतं?" कप्तान अजून हसतच होता. "जमिनीवर वारा नसतो तेव्हा वर असतो. वर चांगला सोसाट्याचा होता."

लोकांत कुजबुज झाली. एकदोघांनी माना डोलावल्या. खरं सांगते, याच उत्तराची मी वाट बघत होते.

"वर सोसाट्याचा वारा होता, तर परत जाताना तो पाठीवर हवा. मग पाऊण तासात पोचायला हवं होतं. त्याच दिवशी परत जायला तुम्हाला तास लागला."

"परतताना मी जरा वळसा घेतला असेल."

"घेतला असेल. पण खालच्यांना तुम्ही वळशाचं बोलला नाहीत. काय बोललात ते मी सांगू, की त्यांना विचारायचं?"

मी प्रमुखाकडे बघितलं. त्याने बटण दाबलं.

"खालचे. पेटी पाठवली त्या दिवशी कप्तान परतल्यावर तुम्हाला काय म्हणाला?"

खरखर झाली, मग धाकट्याचा आवाज आला. "म्हणाला, आज वाराच नव्हता, पाठीवर कोण ढकलणार होतं?"

प्रमुख कप्तानकडे वळला.

"जाताना सोसाट्याचा वारा होता आणि येताना वाराच नव्हता," मी म्हटलं. "दोन्ही तुमचेच शब्द. त्या मधल्या पाव तासात तुम्ही तळ्यावर उतरलात. विमानाला घसरपट्ट्या आहेत, तळं गोठलेलं आहे, तिथे हिवाळाभर वेडे होत बसलेले, नशेसाठी हे औषध विकत घेणारे दोन राखणदार आहेत. ‘वाटेत फुटलेल्या’ कुप्या तुमच्याकडे पाणी भरून तयार होत्या. खाली दार धाकट्याने लावलं, वर लोकांनी चटई उचलून बघितली. पेटीला हात लावायला जागा मधेच होती, आणि मधे तुम्ही एकटेच होतात. वरची रांग शाबूत ठेवलीत, म्हणजे पेटी इथे पोचल्यावर बरेच दिवस कुणाला कळू नये."

कप्तानचं हसू गेलं. पण तो घाबरला नाही, हे मला जास्त लागलं. त्याने लोकांकडे वळून बघितलं, जणू मी तिथे नव्हतेच.

"बरं. धरा मला. मग पीठ कोण आणणार? तेल कोण आणणार? तुमचं पोर आजारी पडलं तर रात्री-अपरात्री कोण नेणार, ही बाई?"

ज्या लोकांनी सिस्टरची फरशी उचकटली होती, ते आपल्या बुटांकडे बघत होते. मग दुकानवाली पुटपुटली, "झालं ते झालं. गेलेलं माणूस काय परत येणार आहे का?"

"ती तशीही जाणारच होती," मागून कुणीतरी म्हणालं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तोंड उघडणार, एवढ्यात प्रमुख उठला. तो कप्तानच्या अंगावर जाईल म्हणून दोघं पुढे झाले. तो गेला नाही. गुंडाळलेल्या गादीवर हात ठेवून तो खिडकीतून धुराड्यांकडे बघत उभा राहिला, मग परत रेडिओपाशी आला.

"खालचे, ऐका. वरचं विमानतळ बंद. आजपासून कप्तानचं विमान इथून सुटणार नाही. पोलीस आणि दुसरा वैमानिक पाठवा." त्याचं बोट बटणावरून निघेना. "अरे, तुझी वहिनी म्हणाली होती मला. आज लवकर येईल म्हणून. धूर बघून म्हणाली होती. मी घड्याळ बघितलं आणि ‘वेळेवर’ लिहिलं."

शेवटी त्याने बोट उचललं.

"दादा," खालून आवाज आला. "दादा, मी ऐकतोय. तू बोल."

६

तळ्यावरच्या खोपटात उरलेल्या कुप्या सापडल्या. कप्तानला पोलिसांनी नेलं. दुसरा वैमानिक मिळायला खात्याने जो वेळ लावायचा तो लावला, आणि तोवर वस्तीत पीठ मोजून वापरावं लागलं. त्याचा राग निघाला माझ्यावर. वड्याचं तेल वांग्यावर. दवाखान्याच्या दुसऱ्या खिडकीचीही काच फुटली.

सिस्टरची कुणी माफी मागितली नाही. तिनेही माझे आभार मानले नाहीत. फक्त चहा दोन कप करायला लागली, आणि इथेच राहणार म्हणाली.

"का?" मी विचारलं.

"यांना सिस्टर लागते. मला आवडत असोत की नसोत."

नवं विमान यायचं त्या दिवशी मी बॅग घेऊन धावपट्टीवर गेले. धाकट्याने खालून सुटल्याची वेळ कळवली होती. अजून पुष्कळ अवकाश होता, म्हणून लोक घरातच होते. पण प्रमुख आधीच बाहेर येऊन उभा होता, एकटा, हात खिशात घालून.

"एवढ्यात कशाला?" मी म्हटलं. "सव्वा तास लागतो ना?"

त्याने हनुवटीने वस्तीकडे दाखवलं. वाऱ्याची पिशवी खांबाला लटकली होती आणि प्रत्येक धुराड्यावर धूर सरळ उभा होता.

"आज लवकर येईल," तो म्हणाला.